सरकता काठ

संपादकांचा फोन एप्रिलमध्ये आला. यंदाच्या अंकाचा विषय ‘काठ’. नदीचा घ्या, समुद्राचा घ्या, साडीचासुद्धा चालेल, म्हणाले. साडीचा काठ एका मैत्रिणीनं आधीच पळवला होता. मी कोयनेचा मागून घेतला. सातारा जिल्ह्यातला शिवसागर जलाशय, त्यातही वरच्या अंगाचा, बामणोली-तापोळ्याकडचा. डोंगरांच्या दोन ओळींत पन्नासेक किलोमीटर शिरलेलं पाणी, अंगावर येणारं रान, कडेकडेनं वाड्या. काठच काठ. दोन दिवसांत लेख होईल असा माझा हिशेब होता.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बामणोलीला पोचले, तर काठ जागेवर नव्हता.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढला की रस्ता कासच्या पठाराला लागतो. सप्टेंबरात इथं फुलं बघायला गर्दीची रीघ लागते. मेमध्ये नुसता तापलेला जांभा आणि वारा. पठार संपलं की गाडी गरगरत उतरायला लागते आणि खाली पाणी दिसतं, निदान फोटोंत तरी तसं दिसतं. मला दिसली ती तपकिरी दरी आणि तिच्या तळाशी हिरवट पाण्याची एक वाकडी पट्टी. धक्क्याच्या पायऱ्या उतरत गेले. शेवटच्या पायरीपुढं भेगाळलेला गाळ सुरू झाला आणि त्यातून एक पायवाट खाली, बरीच खाली, लाँचपर्यंत गेलेली.

वाटेत गवतात दगडांच्या ओळी होत्या. नीट पाहिल्यावर कळलं, ही जोती आहेत. घराचं एक, गोठ्याचं एक, मधे अरुंद बोळ. शेजारी म्हैस चारत एक बाई बसल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढं. त्यांना विचारलं, हे कुणाचं घर?

“आमचंच की. म्हंजी सासऱ्यांचं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मी न्हाई बघितलं कधी उभं. पाणी उतरतं तवा एवढं जोतं दिसतं, आन परत जातं.”

उलटी वळलेली नदी

इथला भूगोल समजून घ्यायचा तर महाबळेश्वरापासून सुरुवात करावी लागते. जुन्या महाबळेश्वराच्या देवळात ज्या पाच नद्यांची नावं सांगतात त्यातली कोयना एक. कृष्णा घाट उतरून वाईकडं जाते. कोयना मात्र सह्याद्रीच्या मुख्य धारेला खेटून, तिच्याशी समांतर, सरळ दक्षिणेला निघते. साठ-पासष्ट किलोमीटर ती अशीच दोन रांगांच्या मधून वाहते. हेळवाकजवळ तिला पूर्वेची वाट सापडते आणि ती काटकोनात वळून कऱ्हाडला कृष्णेला भेटते. देशावरच्या नद्या उगमापासून पूर्व धरतात. हिनं निम्मं आयुष्य डोंगराच्या कुशीत काढलं.

त्याच कुशीमुळं तिच्यावर इंजिनिअरांची नजर गेली. दरी खोल, तोंड अरुंद, वर महाबळेश्वरचा पाऊस आणि पश्चिमेची रांग भोकसली की पलीकडं एकदम कोकण. देशमुखवाडीजवळ भिंत घातली, पाणी अडवलं आणि बोगद्यांतून साडेचारशे मीटरहून अधिक खाली पोफळीला सोडलं की त्या उडीतून वीज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी या कल्पनेचा विचार करून ती सोडून दिली. स्वातंत्र्यानंतर सरकारनं ती उचलली. 1964 पर्यंत 103 मीटर उंचीची भिंत उभी राहिली. चार टप्पे मिळून आज प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॉट आहे.

म्हणजे गंमत अशी, की बंगालच्या उपसागराला जाणाऱ्या नदीचं बहुतेक पाणी आता बोगद्यांतून वाशिष्ठीत पडतं आणि चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं. किती पाणी असं पश्चिमेला वळवायचं यावर कृष्णा लवादानं मर्यादा घातली आहे: वर्षाला 67.5 टीएमसी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. धरणात मावतं 105.25. हे दोन आकडे या खोऱ्यात शेंबडं पोरही सांगतं. पाऊस किती मिलिमीटर झाला हे शहरात विचारतात, इथं विचारतात, “किती टीएमसी झालं?”

जलाशयाला शिवसागर हे नाव शोभतं, कारण हा सगळा जावळीचा मुलूख. 1656 मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून तो शिवाजी महाराजांनी घेतला तेव्हा जावळी म्हणजे शिरायला अवघड आणि शिरलं तर बाहेर पडायला अवघड, अशीच ख्याती होती. पश्चिम काठावरचा वासोटा तर कैदी ठेवायचाच किल्ला. आता तिथं लाँचनं जातात, वनखात्याची परवानगी काढून, आणि पायथ्याला पिशव्यांतल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून घेतात.

वर्ष एक जूनला सुरू होतं

लाँच चालवणाऱ्या तात्यांचं नाव मी लिहिणार नाही. “नाव नगं, सायेब लोक वाचत्यात,” एवढंच ते म्हणाले. साठीचे आहेत. त्यांच्या केबिनमध्ये दोन कॅलेंडरं होती. एक देवादिकांचं. दुसरं एका वहीच्या पानावर हातानं आखलेलं, त्यात तारखांपुढं फुटांचे आकडे.

धरण भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 2,163 फुटांच्या वर असते. तिथून ती उतरू लागते. प्रकल्पाचं ‘तांत्रिक वर्ष’ 1 जूनला सुरू होतं आणि 31 मेला संपतं. पश्चिमेकडच्या विजेसाठीचा कोटा त्या दिवशी नव्यानं मोजायला घेतात. पूर्वेला सांगली-साताऱ्याच्या सिंचनासाठी पायथ्याच्या वीजगृहातून पाणी जातं, त्याचा हिशेब वेगळा. उन्हाळा कडक झाला, खाली ओरड झाली, की पाणी सुटतं. राज्यात संध्याकाळी विजेची मागणी एकदम चढते तेव्हा ती भागवायला कोळशाचे संच चटकन वर येत नाहीत; पाण्याचे येतात. म्हणून कोयनेची जनित्रं संध्याकाळी जोर धरतात.

पाणी उभं एक फूट उतरलं की सपाट उतारावर काठ दहा-पंधरा पावलं मागं जातो. धार असेल तिथं दोनच पावलं. म्हणजे एकाच आठवड्यात एका वाडीचं पाणी दारातून हलत नाही आणि शेजारच्या वाडीचं अर्ध्या फर्लांगावर जातं. मेपर्यंत पातळी सत्तर-ऐंशी फूट सहज खाली आलेली असते, पाऊस बेताचा झालेल्या वर्षी त्याहूनही. तात्यांची वही त्यासाठीच. कोणत्या फुटाला कोणत्या गावचा खडक वर येतो, कुठं जुन्या आंब्याचा बुंधा पंख्याला अडकेल, कुठल्या ओढ्यात शिरायचं बंद करायचं, हे सगळं त्यांनी आकड्यांना बांधून ठेवलंय.

“पुन्या-मुंबैत पंखे जोरात फिरले,” ते म्हणाले, “की माझा धक्का खाली जातो.” ते तक्रार करत नव्हते. मला चाल समजावून सांगत होते, बुद्धिबळातली सांगावी तशी.

उघड्या पडलेल्या जमिनीवर गवत पटकन येतं, गुरं उतरतात. कुणी ओलीवर काहीबाही पेरतं. त्याला गाळपेर म्हणतात. पीक पेरणाऱ्याचं, जमीन सरकारची आणि पहिला मोठा पाऊस आला की दोघांचीही नाही.

पलीकडं दिलेली लेक

धरणाआधी कोयना उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून ओलांडता येत असे, असं जुनी माणसं सांगतात. अलीकडचं गाव आणि पलीकडचं गाव हे खरं तर एकच गाव, दोन आळ्यांचं. सोयरिकी त्याच हिशेबानं झालेल्या. पाणी आलं आणि अर्ध्या तासाच्या वाटेवर जलाशय पसरला. शंभराच्या आसपास गावांना धरणानं हलवलं. कुणाला सोलापूरकडं जमिनी दाखवल्या, कुणाला सांगलीकडं, कुणाला रायगड-ठाण्याच्या बाजूला. मुसळधार पावसातली, नाचणी-वरीची माणसं सोलापूरच्या उन्हात नेऊन बसवली. ज्यांना ते जमलं नाही, किंवा ज्यांची फक्त खाचरं बुडाली आणि घरं वाचली, ते डोंगरात वर सरकले. आज काठावर दिसतात त्या वाड्या बहुतेक या वर सरकलेल्यांच्या. कागदोपत्री पुनर्वसन झालेल्यांचे हिशेब अजून मिटलेले नाहीत. श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली डॉ. भारत पाटणकरांसोबत ही माणसं ठिय्या मारून बसतात, तेव्हा त्यांच्यात नातवंडंही असतात.

मागं उरलेल्यांची एसटी म्हणजे लाँच. जिल्हा परिषदेच्या काही, बाकी खासगी. जीप किंवा पिकअप पलीकडं न्यायची तर तराफा. मी बसले त्या फेरीत रेशनच्या तांदळाची पोती होती, दोन गॅस सिलिंडर, एक शेळी, एक नवं सीलिंग फॅनचं खोकं आणि हातात औषधांची पिशवी धरलेले एक आजोबा. बायका पाण्याकडं पाठ करून बसल्या होत्या. पाण्याकडं तोंड करून, मोबाईल काढून बसलेली मी एकटीच.

लाँच कुठल्या खडकाला लागणार हे आधी ठरलेलं नसतं. तात्या वेग कमी करतात, वरून कुणी हात हलवतं, बोट नाकानं काठाला टेकते, एक पोरगा उडी मारून दोर धरतो. माणसं उतरतात आणि मग चढ. ऑगस्टमध्ये पाण्यातून उतरून दहा पावलांत घर, मेमध्ये तेच घर अर्ध्या तासाच्या चढावर. गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन वर निघालेला एक तरुण मी दिसेनासा होईपर्यंत पाहिला. धाप लागली की तो सिलिंडर खाली ठेवत नव्हता; झाडाला टेकवून उभा राहायचा. खाली ठेवला तर पुन्हा उचलायला दुसरा माणूस लागतो.

दुखणं-खुपणं असलं तर लाँच, मग जीप, मग तापोळ्याचं आरोग्य केंद्र, आणि तिथं भागलं नाही तर सातारा. रात्री सर्पदंश झाला किंवा बाळंतपण अडलं, तर आधी लाँचवाल्याला उठवायचं. तात्या फोन उशाशी ठेवून झोपतात.

शाळेचं तर देशभर गाजलं. जावळी तालुक्यातल्या खिरखंडी गावच्या मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडतात आणि पुढं जंगलातून चार किलोमीटर चालत अंधारीच्या शाळेत जातात, ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2022 मध्ये आपणहून दखल घेतली. बातमीत धैर्य वगैरे शब्द होते. माझ्या शेजारी बसलेल्या एका काकूंना मी ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आता पोरी शाळंत जायच्या तर वल्हवाय नको का?” वल्हं मारणं त्यांना विशेष वाटलं नाही. शाळा पलीकडं का, हे मात्र त्यांनी मला दोनदा विचारलं.

निम्मं गाव ठाण्यात

एका वाडीत चोवीस घरं मोजली. सोळांना कुलूप. मला वाटलं, गाव उठलं. घरांच्या ओसऱ्या मात्र सारवलेल्या होत्या.

“जत्रंला समदी येत्यात,” सांगणाऱ्या आजी एकट्या राहतात. दोन मुलगे कोपरखैरण्याला. जावळी, पाटण, महाबळेश्वर या तीन तालुक्यांतून मुंबईच्या गोद्यांत, मशीद बंदरात, पुढं वाशीच्या बाजारात जी पाठ गेली, तिला माथाडी म्हणतात. त्यांना कायद्यानं उभं करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. माथाडी कायदा 1969 चा. धरण झालं त्याच दशकातला. खोऱ्यातली खाचरं पाण्याखाली जाणं आणि खोऱ्यातले गडी मुंबईत पोत्याखाली जाणं, या दोन गोष्टी एकमेकींना चिकटूनच घडल्या. आधीही माणसं गिरणीत जायची, पण तेव्हा भात कापायला परतायला जमीन होती.

या माणसांनी मुंबईत गाव नेलं. चाळीत गावकीची खोली, तिच्यात पेट्या आणि वळकट्या, मंडळाची वर्गणी, भजनाचा सराव. गावच्या देवळाचा कळस मुंबईत ठरतो, नळयोजनेची निवेदनं ठाण्यात टाइप होतात. एकनाथ शिंदे याच काठावरच्या दरे गावचे, वाढले ठाण्यात. 2022 ला ते मुख्यमंत्री झाले आणि दरे गाव महाराष्ट्राला हेलिकॉप्टरमुळं माहीत झालं. पलीकडच्या वाडीतल्या एका पोरानं मला विचारलं, “तुम्ही कशानं आला?” मी म्हटलं, लाँचनं. त्याची निराशा झाली.

भांडी वाजतात

11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. ही वेळ साठीपुढच्या प्रत्येकाला मिनिटासकट पाठ आहे. 6.3 च्या आसपासचा भूकंप, कोयनानगर जमीनदोस्त, दीडशेहून अधिक माणसं गेली. धरणाच्या भिंतीला चिरा गेल्या आणि पुढं तिला मागून टेकू देऊन जाडजूड केलं. पाणी साठायला लागल्यापासून हादरे सुरू झाले होते, आणि जलाशयामुळं जाग्या होणाऱ्या भूकंपांचं कोयना हे जगाच्या पुस्तकातलं ठळक उदाहरण झालं. पाण्याचं वजन आणि भेगांतून खोल झिरपून वाढणारा दाब, या दोन्हींनी आधीच ताणाखाली असलेला खडक सरकतो, असं त्याचं ढोबळ स्पष्टीकरण. वरचा थर बेसॉल्टचा, जवळपास किलोमीटरभर जाड; त्याखाली ग्रॅनाइट. शास्त्रज्ञांनी गोठणे इथं तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून त्या ग्रॅनाइटपर्यंत हात पोचवलाय.

बारीक धक्के अजून बसतात. आजी म्हणाल्या, “भांडी वाजली की म्हनायचं, हं, हाय अजून.” आणि चहा ओतला.

मध, वाघ आणि पूल

तापोळ्याला हल्ली ‘मिनी काश्मीर’ म्हणतात. मला हे नाव आवडत नाही. स्वतःचं नाव असलेल्या जागेला दुसऱ्याचं उसनं कशाला? पण धंद्याला ते चालतं. तंबू, मासळीचं ताट, वेगात फेऱ्या मारणाऱ्या बोटी. वरच्या अंगाला स्ट्रॉबेरी उतरत आली आहे. महाबळेश्वराजवळचं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरलं, आणि खरं सांगायचं तर इथल्या रानाचा खरा मोठेपणा त्या मधात आहे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, सगळा डोंगर जांभळा होतो, आणि त्या वर्षीचा मध काढणारे ते वर्ष विसरत नाहीत. त्याच कारवीच्या काठ्या कुडाच्या भिंतींना. वाळून गेलेली कारवी घर होते, फुललेली पोट भरते.

पश्चिम काठचं रान 1985 पासून अभयारण्य, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, 2012 पासून जागतिक वारसा. हद्दीच्या आतल्या वाड्यांना पुन्हा उठायचं आलं. आजोबा पाण्यासाठी उठले, नातू वाघासाठी. आणि आता नवं महाबळेश्वर. रस्ते विकास महामंडळाच्या या आराखड्यात सुरुवातीलाच दोनशेहून अधिक गावं आली. तापोळ्याहून पलीकडं अहीरला जाणाऱ्या पुलाचे खांब पाण्यातून वर आलेत. पूल हवा की नको हे मी काठावर विचारून पाहिलं. हवा, असं सगळ्यांनीच सांगितलं, सिलिंडरवाल्या तरुणानं तर हात जोडून. फक्त तात्या गप्प होते. मग म्हणाले, “पूल झाल्यावं जमिनीला भाव येतोय म्हनं.” कोण विकतंय, विचारलं. “ठाण्याची सही लागती,” ते म्हणाले.

पुन्हा, भरल्या पाण्यावर

ऑगस्टच्या अखेरीला परत गेले. कासवर फुलांची नुकती सुरुवात होती आणि वाहनांची सुद्धा. उतारावरून खाली पाहिलं तर दरी नव्हती. पाण्यानं प्रत्येक ओढ्यात बोट घातलं होतं. मेमध्ये टेकडी होती ते बेट झालं होतं. धरणाचे सहा वक्र दरवाजे आदल्या आठवड्यात उघडून झाले होते. तात्यांच्या वहीत आकडा 2,160 च्या वर.

धक्क्याच्या वरच्याच पायऱ्यांवर लाँच लागली होती. मी आत पाय ठेवला, चढ नाही, चिखल नाही. मधोमध आल्यावर तात्यांनी इंजिन बारीक केलं.

“तुम्ही म्हशीवाल्या काकूंसंगं बोलत बसलावता न्हवं? ती जागा ही.”

पाणी गढूळ हिरवं होतं. खाली काही दिसण्यासारखं नव्हतं, तरी वाकून पाहिलं.

त्या काकू परतीच्या फेरीला भेटल्या, दुधाची किटली घेऊन पायरीवर बसलेल्या. ओळखलं त्यांनी. “लिवलं का आमच्या काठाचं?” मी म्हटलं, लिहिते आहे. अंक कधी निघणार, त्यांनी विचारलं. दिवाळीत, मी म्हटलं.

त्यांनी पायरीकडं पाहिलं, मनात काहीतरी मोजलं.

“दिवाळीत? तवर दोन पायऱ्या खाली गेलं आसंल पानी.”